दुसरा पूल

सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या दोन थप्प्या जमिनीवर ठेवायच्या, मध्ये वीतभर अंतर सोडायचे आणि मुलाच्या हातात एकच कोरा कागद द्यायचा. या कागदाचा पूल करून त्यावर जास्तीत जास्त नाणी ठेवायची, एवढीच अट. डिंक नाही, टाचण्या नाहीत, दुसरा कागद नाही. बहुतेक मुले कागद तसाच थप्प्यांवर आडवा टाकतात आणि मधोमध नाणे ठेवतात. कागद नाण्यासकट खाली घसरतो. इथवर काहीच शिकून झालेले नसते. शिकणे सुरू होते की तिथेच संपते, हे पुढच्या मिनिटात ठरते. शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने ‘अरे, घड्या घाल ना’ म्हणत कागद स्वतःकडे ओढला, तर मुलाला एक युक्ती मिळते. ‘कुठे वाकला रे?’ एवढेच विचारून तो गप्प बसला, तर मुलाला विचार करायला काहीतरी मिळते. रद्दी, काड्या, पुठ्ठा, सुतळी अशा घरातल्या सामानातून मुलांनी करायच्या बांधकामांबद्दल आज पुष्कळ बोलले जाते. त्यांचे खरे मोल पहिला पूल बांधण्यात नाही, पहिला मोडल्यावर बांधलेल्या दुसऱ्या पुलात आहे, हे या लेखाचे म्हणणे. आणि आपल्या घरांत आणि शाळांत याच दुसऱ्या पुलाला जागा उरलेली नाही, ही त्यामागची खंत.

आधी त्या कागदाकडेच नीट पाहू. झेरॉक्ससाठी वापरतात त्या साध्या ए-फोर कागदाचे वजन ५ ग्रॅम असते आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. हाच कागद साडीच्या निऱ्यांसारखा लांबीच्या दिशेने दुमडला आणि प्रत्येक निरी सेंटिमीटरभर उंच ठेवली, तर तो पुलासारखा ताठ राहतो. कागद तोच, वजन तेच. वाढली ती फक्त उंची. वाकण्याला होणारा विरोध या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर आणि निरीची उंची १० मिलिमीटर, म्हणजे उंची शंभरपट झाली. तेव्हा हिशेबाने ताठपणा दहा हजारपट व्हायला हवा. सुतार छपराची तुळई अरुंद बाजूवर उभी बसवतो त्याचे कारण हेच. २ सेंटिमीटर जाडीची आणि १० सेंटिमीटर रुंदीची फळी आडवी टाकण्याऐवजी उभी ठेवली, की ती २५ पट ताठ होते. पन्हळी पत्र्याचे गुपित हेच, आणि खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद चिकटवलेला असतो त्याचेही हेच. ज्वारीच्या धाटात निसर्गाने तीच रचना केलेली आहे: बाहेर कडक साल, आत हलके भेंड. महाराष्ट्रातल्या खेड्यांतली मुले धाटाची साल काढून, भेंडाचे तुकडे जोडून बैलगाड्या करत आली आहेत. एका उत्तम बांधकामाचे दुसरे बांधकाम करण्याचाच तो खेळ होता.

पण निऱ्यांचा पूल दहा हजारपट भार पेलत नाही. हा हिशेब निऱ्या जागच्या जागी राहतील असे गृहीत धरतो आणि प्रत्यक्षात भार पडताच त्या दोन्ही बाजूंना पसरतात, कागद पुन्हा सपाट होऊ लागतो. हे मुलाला डोळ्यांनी दिसते. आता अट थोडी सैल करून कागदाची एक पट्टी आणि गव्हाच्या पिठाची खळ दिली, तर ती पट्टी कुठे चिकटवावी हे त्याला सांगावे लागत नाही. निऱ्या जिथे पसरल्या तिथेच त्याचा हात जातो. खाली पट्टी लावलेला पूल जास्त नाणी पेलतो आणि मग तोही मोडतो, पण वेगळ्या जागी. आता वरच्या कडा चुरगळतात किंवा खालची पट्टी फाटते. तुळई वाकली की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे समोर घडते. ज्याला ते अजून स्पष्ट पाहायचे असेल त्याने खोडरबराच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मारून ते वाकवावे. वरच्या रेघा जवळ येतात, खालच्या फाकतात. म्हणून ‘किती नाणी पेलली?’ हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न ‘मोडला कुठे?’ हाच असायला हवा. कारण किती पेलली हे कळल्याने मुलाला आपला नंबर कळतो, कुठे मोडला हे कळल्याने पुढच्या पुलाची जागा कळते.

हा प्रश्न लागू पडत नाही असे बांधकामच नाही. आगपेटीच्या चार काड्यांचा चौकोन करून कोपऱ्यावर बोट ठेवले की तो तिरका होऊन लोळतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र काडी मोडल्याखेरीज किंवा सांधा निसटल्याखेरीज आकार बदलत नाही, कारण तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की कोन आपोआप ठरतात. चौकोन लोळतो कुठे, तर सांध्यांत. आणि त्याला एक कर्णाची काडी दिली की त्याचे दोन त्रिकोण होऊन तो उभा राहतो. कौलारू घराच्या छपराला सुतार ज्या कैच्या बसवतात त्या याच त्रिकोणांच्या. काड्या जोडायला काय वापरावे याचे एक जुने उत्तर स्वयंपाकघरात आहे: भिजवलेले वाटाणे. जर्मनीत १८३७ मध्ये बालवाडीची कल्पना रुजवणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेल यांच्या खेळांत काड्या आणि भिजवलेले वाटाणे यांचे बांधकाम होते. वाटाणा सुकला की काडी घट्ट धरतो. अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी पुढे सांगितले की, १८९९ मध्ये बालवाडीत असताना त्यांना नीट दिसत नसल्यामुळे ते हातांनी चाचपत बांधत गेले आणि न लोळणारा आकार म्हणून त्रिकोणांवर येऊन थांबले. त्रिकोणांच्या ज्या जाळीदार रचनेसाठी त्यांना १९६१ मध्ये पेटंट मिळाले तिचे मूळ त्यांनी त्या वाटाण्यांत सांगितले. आपल्याकडे हेच काम सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने केले. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्यातल्या नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी त्रिकोण, ठोकळे आणि घरांचे सांगाडे उभे केले. पुढे पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांसमोर ठेवली. त्यांच्या कामाचे मर्म सामान स्वस्त असण्यात आहे, पण ते फक्त पैशाच्या बचतीपुरते नाही. स्वस्त वस्तू मोडायची भीती नसते, म्हणून ती पुन्हा बांधता येते.

खांबाचा विचारही असाच करता येतो. खराट्याची एक लांब हीर दोन तळव्यांमध्ये उभी धरून दाबली, तर ती जराशा जोराने मधोमध बाक देते. तीच अर्धी तोडून दाबली तर कितीतरी जोर लागतो. स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी १७४४ मध्ये याचे सूत्र दिले: लांबी दुप्पट झाली की बारीक खांबाला बाक यायला लागणारा भार चौथाईवर येतो. वर्तमानपत्राच्या नळ्यांचा मनोरा बांधणारे मूल हे सूत्र न शिकताच त्याला जाऊन भिडते. नळी लांब केली की ती मधेच बसते. मग मूल तिला मधे आडवी काडी बांधते, म्हणजे एका लांब खांबाचे दोन आखूड खांब करते. बांबूची पेरे थोड्या वेगळ्या कामाची असतात. ती पोकळ नळीला आतून आधार देतात, चपटी होऊ देत नाहीत. कागदाची नळी चपटी होऊन मोडली, की मुलाने पेर हाताने चाचपून पाहावे, आत पुठ्ठ्याच्या चकत्या बसवून बघाव्यात. पुस्तकातली ‘निसर्गाची किमया’ तेव्हा त्याच्या अडचणीवरचा उपाय होऊन भेटते.

अभियांत्रिकीचा इतिहासही दुसऱ्या पुलांचाच आहे. स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या मुखावरचा रेल्वे पूल १८७८ मध्ये सुरू झाला आणि २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री त्याचा मधला भाग धावत्या गाडीसकट पाण्यात गेला. गाडीतले कोणीही वाचले नाही. चौकशीत वाऱ्याच्या जोराचा पुरेसा विचार झाला नव्हता हे आणि बिडाच्या कामातले दोष पुढे आले. टेचा पूल आखणाऱ्या अभियंत्यानेच फोर्थच्या खाडीवर आखलेला पूल मग रद्द झाला, आणि नवा पूल जॉन फाउलर व बेंजामिन बेकर यांनी आखला. लोकांच्या मनात भीती होती. १८८७ मध्ये बेकर यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात आपल्या पुलाची रचना समजावली ती खुर्च्या, काठ्या आणि विटा घेऊन. दोन माणसे खुर्च्यांवर हात पसरून बसली. हातांत धरलेल्या काठ्यांची खालची टोके खुर्च्यांना टेकलेली. बाहेरच्या बाजूंना विटांचे वजन बांधलेले. आणि दोघांच्या मधल्या टांगत्या फळीवर काइची वातानाबे हे जपानी अभियंते बसलेले. हातांवर ताण, काठ्यांवर दाब, आणि मधला माणूस हवेत सुखरूप. १८९० मध्ये सुरू झालेल्या त्या पुलाचे मोठे गाळे ५२१ मीटरचे आहेत आणि त्यावरून आजही गाड्या जातात. टेची दुर्घटना विसरून हा पूल झाला नाही. तो पूल कुठे आणि का मोडला, याच्या उत्तरातून तो उभा राहिला. फरक एवढाच की तिथे पहिल्या पुलाची किंमत माणसांनी मोजली. मुलाचा पहिला पूल रद्दीच्या भावात मोडतो, आणि म्हणूनच तो लहानपणी मोडायला हवा.

मोडण्याला शिक्षकाचे काम देण्यासाठी आणखी एक सवय लागते: आधी अंदाज लिहायचा, मग परीक्षा घ्यायची. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा १५ सेंटिमीटरचा चौरस घ्यावा आणि चारही बाजू सारख्या वर दुमडून, कोपऱ्यांत फॉइल न कापता चुणी घालून, होडी करावी. किती नाणी ठेवल्यावर ती बुडेल? बाजू १ सेंटिमीटर दुमडली तर होडीत १६९ घन सेंटिमीटर जागा होते, २ सेंटिमीटर दुमडली तर २४२, अडीच दुमडली तर २५०, तीन दुमडली तर २४३, चार दुमडली तर १९६. म्हणजे काठ फार बुटके नकोत आणि फार उंचही नकोत. अडीच सेंटिमीटरला सर्वांत मोठी होडी मिळते. हा बारावीच्या कलनातला ठरलेला प्रश्न आहे, पण पाचवीतले मूल तो गुणाकाराने कोष्टक मांडून सोडवते. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन १ ग्रॅम, तेव्हा २५० ची होडी काठोकाठ बुडेपर्यंत साधारण २५० ग्रॅम पेलेल. १० रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणून अंदाज ३२ नाण्यांचा. परातीतल्या पाण्यात होडी सोडली की ती बहुधा त्याआधीच बुडते. का? नाणी एका बाजूला पडली, होडी कलली, काठावरून पाणी आत आले. हिशेब चुकला नव्हता; हिशेबाने धरले नव्हते असे काहीतरी घडले. अंदाज लिहिलेला नसता तर ‘बुडाली’ एवढेच कळले असते. लिहिलेला असल्यामुळे ३२ आणि प्रत्यक्ष आकडा यांच्यातले अंतर समोर राहते. दुसरी होडी त्या अंतरातून निघते: मुले नाणी चारही बाजूंना सारखी मांडू लागतात, तळ रुंद ठेवतात, मधे आडवी भिंत घालतात. ज्यांच्या घरी पुरेशी नाणी नाहीत त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या झाकणाने पाणी मोजून प्लास्टिकच्या पिशवीत भरत जावे. ५ मिलिलिटर म्हणजे ५ ग्रॅम. इतके अचूक वजन घरात आयते असते.

या म्हणण्याला संशोधनाचा आधार किती? शिक्षण संशोधक मनू कपूर २००८ पासून ‘फलदायी अपयश’ या कल्पनेवर काम करत आले आहेत. शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना अवघड प्रश्नाशी झुंजू दिले, त्यांची उत्तरे चुकू दिली आणि मग धडा शिकवला, तर आधी धडा आणि मग सराव अशा नेहमीच्या क्रमाने शिकलेल्यांपेक्षा त्यांना संकल्पना अधिक खोल समजतात आणि नव्या प्रश्नाला लावता येतात, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले. इथे ‘मग धडा शिकवला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुसरा आधार व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा. लेगोच्या ठोकळ्यांची रचना मजबूत करायला सांगितली, की माणसे सहसा ठोकळे वाढवतात. एखादा काढून टाकल्याने काम सोपे आणि स्वस्तात होत असले तरी ते त्यांना सुचत नाही. सामान मोजके असले, तर निदान वाढवत जाण्याची वाट बंद होते. ‘एकच कागद’ ही अट म्हणूनच कंजूसपणाची नाही. कागदांचा गठ्ठा दिला तर मूल मोडलेल्या जागी कागदावर कागद ठेवत जाईल. एकच दिला तर मोडला कुठे हे त्याला बघावेच लागेल.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप शिक्षणशास्त्रातूनच येतो. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये एका गाजलेल्या लेखात मांडले की, नवशिक्यांना मार्गदर्शनाविना शोध घ्यायला सोडले तर ते शिकत नाहीत. एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी मोजक्या असतात आणि दिशाहीन धडपडीतच त्या खर्ची पडतात. हा आक्षेप खरा आहे, आणि ‘मुलांना मोकळे सोडा, ती आपोआप शिकतात’ असे म्हणणाऱ्यांनी तो गंभीरपणे घ्यायला हवा. स्पॅगेटीच्या वीस काड्या, थोडी चिकटपट्टी, थोडी दोरी आणि टोकावर ठेवायची एक मऊ मिठाई यांचा अठरा मिनिटांत मनोरा बांधायचे आव्हान जगभर प्रसिद्ध आहे. टॉम वुजेक यांनी २०१० मध्ये सांगितले की व्यवस्थापनाच्या पदवीधरांपेक्षा बालवाडीतून नुकतीच बाहेर पडलेली मुले यात सरस ठरतात. कारण पदवीधर शेवटच्या मिनिटाला मिठाई वर ठेवतात आणि मनोरा कोसळतो, तर मुले ती सुरुवातीपासून वर ठेवून पडझड दुरुस्त करत जातात. ही गोष्ट सांगताना तिचा दुसरा भाग बहुतेक वेळा गाळला जातो: सर्वांत उंच मनोरे वास्तुरचनाकार आणि अभियंते यांचेच असतात. त्यांच्यापाशी त्रिकोण आणि खांब यांचे ज्ञान असते. ही कार्यशाळांमधली निरीक्षणे आहेत, काटेकोर प्रयोग नव्हेत. तरी ती दाखवतात की पडझड आणि शिकवणूक यांत भांडण नाही. प्रश्न क्रमाचा आहे. त्रिकोणाचा धडा चौकोन लोळण्याआधी दिला तर ती माहिती होते. लोळल्यानंतर दिला तर ती सुटका होते. मोठ्या माणसाने काहीच सांगू नये असे कोणी म्हणत नाही. त्याने पहिल्या आणि दुसऱ्या पुलाच्या मधे सांगावे.

दुसरा आक्षेप आई-बाबांचा: मोडले की मूल हिरमुसते, मग हातच लावत नाही. हेही खरे आहे, पण ते कधी होते ते पाहायला हवे. एकच संधी, समोर परीक्षक, शेजारी दुसऱ्यांचे पूल आणि शेवटी पहिला-दुसरा-तिसरा नंबर, अशा वेळी पूल मोडला की मुलाला आपणच मोडल्यासारखे वाटते. त्याच बैठकीत दुसरी संधी असेल आणि गुण पहिल्यापेक्षा दुसरा पूल किती सुधारला यावर असतील, तर मोडलेला पूल हे पुढच्या कामाचे सामान होते. म्हणून दोष मोडण्याला देऊ नये, तो एकाच संधीच्या स्पर्धेला द्यावा. वेळ नाही, अभ्यासक्रम संपत नाही, हा तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि त्यांच्यावरचा ताण पाहता तो उडवून लावण्यासारखा नाही. पण चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत हे बसते: दहा मिनिटे पहिला पूल, पाच मिनिटे परीक्षा, पाच मिनिटे ‘मोडला कुठे’ याची चर्चा, पंधरा मिनिटे दुसरा पूल आणि पाच मिनिटे पुन्हा परीक्षा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्यांतला एखादा दिवस यासाठी देता येईल. चौथा आक्षेप असा की आता बाजारात सुंदर संच मिळतात, मग रद्दीत कशाला खेळायचे? संचांतून पुष्कळ शिकता येते, आणि विजेची मंडले किंवा यंत्रमानव यांसारख्या गोष्टी रद्दीतून होत नाहीत, हे मान्य. पण ज्या संचाबरोबर पायरी-पायरीची पुस्तिका येते त्यात उत्तर आधीच ठरलेले असते, आणि पुस्तिकेप्रमाणे बांधलेली वस्तू सहसा मोडत नाही. न मोडणारी वस्तू दुसरा पूल मागत नाही. शिवाय इथे मोठमोठे दावेही करू नयेत. अवकाशीय विचारशक्ती, म्हणजे वस्तू मनात फिरवून पाहण्याची ताकद, सरावाने वाढते हे २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका आढाव्यात दिसून आले आहे. यावरून कागदी पूल बांधणारे प्रत्येक मूल अभियंता होईल असे निघत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. आपला अंदाज चुकला तर कुठे चुकला हे शोधायचे असते, एवढी सवय लागली तरी ती वकिलाला, शेतकऱ्याला, डॉक्टरला सारखीच उपयोगी आहे.

खरी अडचण आक्षेपांत नाही, आपण ‘प्रकल्प’ या शब्दाचे जे केले आहे त्यात आहे. शाळेत प्रकल्प मागितला की रात्री घरातली मोठी माणसे जागतात. पुठ्ठा कापला जातो, घोटीव कागद लागतो, नावाची पट्टी छापून येते. सकाळी शाळेत पोचतो तो पूल देखणा असतो, पण त्यावर कोणी वाटीभर तांदूळही ठेवून पाहत नाही. तो पुलासारखा दिसतो, पुलाचे काम करत नाही. जी वस्तू कामाला लावली जात नाही ती मोडत नाही, आणि जी मोडत नाही तिच्यापाशी विचारायला प्रश्न राहत नाही. वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला, तेव्हा टकळीवरचे सूत हे त्याचे उदाहरण होते. पीळ कमी पडला तर सूत तुटते आणि ते तुटलेले सर्वांना दिसते. तिथे दिखाऊपणाला वाव नसतो. महाराष्ट्रातल्या मुलांकडे अशी परीक्षा असलेले बांधकाम आजही एक आहे: दिवाळीतला किल्ला. विटा-दगडांच्या ढिगावर मातीचा राडा थापला की तो घसरतो; माती धान्याच्या राशीसारखी आपला उतार आपणच ठरवते. त्यावर ओले गोणपाट पसरून मग थापली की तीच माती जास्त उभ्या उतारावर टिकते, कारण मातीला ताण पेलत नाही आणि तागाच्या धाग्यांना पेलतो. महामार्गांच्या कडेला मातीत पट्ट्या घालून उभ्या केलेल्या भरावांच्या भिंती याच तत्त्वावर उभ्या राहतात. हळीव पेरून हिरवा झालेला किल्ला सगळे पाहतात. पण तो आदल्या दिवशी कुठे ढासळला होता, हे बांधणाऱ्या मुलांनाच माहीत असते, आणि किल्ल्यातला शिकण्याचा भाग तेवढाच असतो. आता बाजारातून तयार किल्ला आणला की नेमका तो भाग निघून जातो.

करायचे काय, ते फार नाही. मोठ्या माणसाने तीन गोष्टी ठरवून द्याव्यात: सामान किती, काम कोणते आणि मोजायचे कसे. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी एक कागद आणि वीतभर दरी पुरते. दहा-अकराच्या मुलाला पाच वर्तमानपत्रांचा, टोकावर लिंबू पेलणारा मनोरा द्यावा. त्याहून मोठ्याला भाजलेला पापड पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून न मोडता खाली पोचवायला सांगावे. ३ मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने भिडते. ती ३ मिलिमीटरांत थांबली तर तिच्या वजनाच्या हजारपट जोर तिच्यावर येतो, ३ सेंटिमीटरांत थांबली तर शंभरपट. गवत, कागदाचे बोळे, चुरमुऱ्यांची पिशवी ही सगळी थांबण्याचे अंतर वाढवण्याची साधने आहेत. एका वहीत चार रकाने असावेत: अंदाज, प्रत्यक्ष, मोडला कुठे, आता काय बदलणार. मोठ्या माणसाने कात्री धारदार असेल तेव्हा जवळ बसावे, पापड टाकताना खाली कोणी नाही हे पाहावे, आणि हात मागे ठेवावा. मुलाचे सांधे वाकडे असतील, खळ सांडेल, पूल कुरूप दिसेल. तो कुरूप पूल पाहवत नाही म्हणून त्यात हात घालणे, हा या सगळ्या कामातला सर्वांत मोठा मोह आहे.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत एक बदल करून पाहावा. प्रत्येक टेबलावर दोन पूल मांडावेत: मुलाने बांधलेला पहिला, मोडलेल्या अवस्थेत, जसा आहे तसा, आणि त्याच्याशेजारी दुसरा. दोन्हींखाली मुलाच्या अक्षरात चिठ्ठी असावी. पहिल्यावर लिहिलेले असेल: ‘अंदाज २० नाणी, पेलली ९. निऱ्या मधोमध पसरल्या.’ दुसऱ्यावर: ‘खाली पट्टी लावली. अंदाज २०, पेलली २६. आता डाव्या टोकाला कागद फाटला.’ पाहुण्यांनी दुसऱ्या पुलाचे कौतुक करावेच, पण त्याआधी पहिल्यापाशी थांबून चिठ्ठी वाचावी. आणि त्या दुसऱ्या चिठ्ठीतले शेवटचे वाक्य वाचून ज्या मुलाचा हात आपोआप डाव्या टोकाकडे जाईल, त्याचा तिसरा पूल सुरू झालेला असेल.